आर्काडी सेन्सेईंचा हार्प्सिकॉर्ड

गेल्या शनिवारी सकाळी इथे जपानमध्ये, त्सुकुबात आमच्या बिल्डिंगखाली एक छोटा ट्रक आला आणि वरच्या मजल्यावरच्या आर्काडी सेन्सेईंचा हार्प्सिकॉर्ड घेऊन गेला... भंगारात. ट्रक मीच बोलावला होता.

हार्प्सिकॉर्ड म्हणजे दिसायला सडपातळ पियानो. पण आत तारेवर हातोडी पडत नाही, तार छेडली जाते... आपल्या सतारीसारखी.

सेन्सेई, म्हणजे इथल्या भाषेत गुरुजी, रशियाचे, सत्तरीला टेकलेले. तिकडे त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, त्याच काळच्या धाटणीच्या वाद्यांवर. कंडक्टर असले तरी हातात काठी नाही. हार्प्सिकॉर्डवर बसायचं आणि वाजवता वाजवता मानेनं, भुवयांनी सगळा ऑर्केस्ट्रा चालवायचा. जपानमध्ये तर दरवर्षी दौरा असायचा, हॉल भरून जायचे.

मग युक्रेनचं युद्ध सुरू झालं. विरोधाच्या एका पत्रावर त्यांनी सही केली आणि मायदेशातलं काम बंद झालं. युरोपातले कार्यक्रमही रद्द झाले... तिथे कारण एवढंच, की ते रशियन!

इथल्या एका युनिव्हर्सिटीनं पार्ट-टाइम शिकवायला घेतलं. तो करार या मार्चमध्ये संपला. आता ते सर्बियाला मुलीकडे निघाले होते. तिचं घर दोन खोल्यांचं, वाद्याला जागा कुठली?

माझं जपानी बरं आहे म्हणून फोन मी केले. म्युझियम, शाळा, हॉल... सगळीकडून अतिशय नम्र नकार. आतल्या लाकडाला चीर गेलेली, ती दुरुस्त कोण करणार? नगरपालिकेच्या मोठ्या कचऱ्याच्या यादीत तर हे वाद्यच नव्हतं. फोनवरचा माणूस विचारत होता, "पियानो आहे का?" नाही. "मग टेबल लिहू का?"... शेवटी एक भंगारवाला तयार झाला.

ट्रक अकराला येणार होता. मी दहाला वर गेले, तर सेन्सेई तारा जुळवत बसले होते. एकेक तार... छेडायची, कान लावायचा, किल्ली केसभर फिरवायची, पुन्हा छेडायची.

न राहवून विचारलं, "सेन्सेई, आता कशाला?"

"बेसूर वाद्य कुणाच्या हाती देऊ नये, मेघना-सान." मान वर न करताच म्हणाले.

पाऊण तास लागला. मग किल्ली रुमालात गुंडाळून त्यांनी खिशात ठेवली. मी म्हटलं, "एकदा वाजवा ना... शेवटचं."

त्यांनी हात पट्ट्यांवर ठेवले. आणि काढून घेतले.

"नको. शनिवार आहे, लोक घरी असतात. मी आलो त्याच महिन्यात बिल्डिंगच्या ऑफिसकडे कुणीतरी तक्रार केली होती. बरोबरच आहे, भिंती पातळ. तेव्हापासून मी आवाज न काढता नुसती बोटं फिरवतो... तीन वर्षं झाली."

ती तक्रार माझी होती. क्लायंटबरोबर मीटिंग चालू होती, वरून सूर येत होते... दोन ओळींचा मेल टाकला आणि विसरूनही गेले होते.

सांगायला हवं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "वाजवा सेन्सेई, कुणी काही म्हणणार नाही."

ते हसले आणि झाकण लावलं.

ट्रकवाल्या दोघांनी पाय सुटे केले, वाद्य आडवं करून जिन्यानं उतरवलं. सेन्सेई खिडकीपाशी गेलेच नाहीत. माझ्यासमोर कमरेत वाकून, इथल्या रीतीनं आभार मानले. "या बिल्डिंगमध्ये तुम्ही एकट्याच माझ्याशी चांगलं वागलात."

मी पण वाकले... वर बघायची हिंमत होईना.

काल त्यांचं विमान गेलं. तो जुना मेल शोधून काढला. त्यात मी 'संगीत' असं लिहिलंच नव्हतं. 'गोंगाट' लिहिलं होतं.

त्यांना सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय. मन हलकं होईल वाटलं होतं... नाही झालं.