टिहोमिरच्या कॅसेटी

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा टिहोमिर. जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्याला मत विचारा, तो देणार. न विचारताही देणार. नोकरी साखर कारखान्यात मोटारी दुरुस्त करायची, आणि सीमेपलीकडच्या त्रिएस्त शहरातल्या बाजाराच्या पुढचं जग या माणसानं पाहिलेलं नाही. पण अमेरिकेतली कुठली कंपनी बुडणार, जपानी लोक पुढे काय काढणार, हे असं सांगायचा की वाटावं, ते सगळे याला विचारूनच कामाला लागतात. "माउस नावाचं ते खेळणं लवकरच अडगळीत जाईल," हे भाकीतही त्याचंच. आम्ही अजून त्यावरून त्याला चिडवतो, आणि तो अजून म्हणतो, थांबा, जाईल.

ऐंशीच्या दशकात टिसा नदीकाठच्या आमच्या गावातल्या रेडिओ केंद्रानं त्याला रविवारी दुपारी अर्धा तास दिला. हातात माइक आल्यावर मग काय विचारता. आधी कॉम्प्युटरच्या बातम्या वाचायचा आणि एकेका बातमीची सालं काढायचा. मग म्हणायचा, "मंडळी, कॅसेटी तयार ठेवा." आणि रेडिओतून किरकिर सुरू व्हायची. ती किरकिर म्हणजे गेम. तेव्हा प्रोग्रॅम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचे. लोक घरी बसून ती किरकिर टेप करायचे, टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडायचे, आणि टीव्हीवर एक ठिपका उड्या मारायला लागायचा. सीमेवर लपवून आणलेले, नाहीतर घरीच डाग देऊन जुळवलेले ते कॉम्प्युटर, आणि त्यांना लागणारे गेम आमचा टिहोमिर हवेतून फुकट वाटायचा. चर्चमधून आलेली बायामाणसं रेडिओ बंद करायची, मी तर पहिली. पण किकिंडापासून सोंबोरपर्यंतची पोरं रविवारी दुपारी जागची हलायची नाहीत.

त्यात नियम एकच, आणि तो कडक. किरकिर चालू असताना कुणी तोंड उघडायचं नाही. एक खोकला जरी मिसळला तरी प्रोग्रॅम बिघडला, मग तो चालायचा नाही. घरी सराव चालायचा तेव्हाही तोच नियम. माझी बहीण देसांका स्वयंपाकघरात चवड्यांवर चालायची. मी एकदा म्हटलं, "अगं, स्वतःच्या घरात चोरासारखी काय वावरतेस?" तर तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मला अंगणात नेऊन पोटभर हसली. तिला त्याचं सगळं गोड वाटायचं. मला नाही वाटायचं, आणि मी ते लपवतही नव्हते.

दुसरी गोष्ट कॅसेटींची. कोऱ्या कॅसेटी महाग, म्हणून हा मिळेल त्या कॅसेटीवर प्रोग्रॅम भरायचा. विकतच्या गाण्याच्या कॅसेटींच्या पाठीवरच्या दोन प्लास्टिकच्या टिकल्या काढलेल्या असतात, त्यावर काही टेप होऊ नये म्हणून. हा त्या भोकांवर चिकटपट्टी लावायचा आणि खुशाल पुसायचा. माझ्या लोकगीतांच्या चांगल्या चार कॅसेटी त्यानं अशाच खाल्ल्या. स्वतःच्या लग्नाची पुसली. माझ्या मुलाच्या, नेनादच्या बारशाला देसांका गायली होती, तीही पुसली. त्या दिवशी मात्र मी त्याला फाडून खाल्लं. तर देसांकाच मध्ये पडली. "जाऊ दे गं ताई. मी आहे ना. परत गाईन."

आता घेवड्याचा रविवार सांगते. त्या दिवशी केंद्रातली टेप जोडायची तार तुटली होती. टिहोमिरनं काय करावं, टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि माइक त्याच्या तोंडाशी धरला. खोलीतला प्रत्येक आवाज हवेत जाणार होता. देसांकाला हे कुणी सांगितलं नव्हतं. दर रविवारसारखी ती त्याचं जेवण घेऊन गेली, दार ढकललं आणि ऐन किरकिरीत म्हणाली, "टिहा, घेवडा गरम आहे तोवर खा."

माझी जाऊ तिच्या मुलासाठी रेडिओ लावून बसली होती, म्हणून मी ते ऐकलं. सगळ्या मुलखानं ऐकलं. आम्ही दोघी इतक्या हसलो, की पुढचं काही ऐकलंच नाही. गेम बिघडला, पण लोकांना जी मजा आली म्हणता. बाजारात पोरं टिहोमिरला गाठून म्हणायची, "काका, घेवडा गरम आहे ना?" देसांकाही हसायची. तो मात्र हसला नाही. त्याची पत गेली होती ना. पुढच्या रविवारी त्यानं तोच गेम काटछाट करून, आणखी छोटा करून परत लावला, आणि आधी बजावलं, "मंडळी, मागच्या रविवारचं पुसा. त्याच्यावरच हे घ्या. तो गोंधळ कुणाच्या घरात राहता कामा नये." इतकं त्याला लागलं होतं.

देसांका गेली ती देशावर व्यापारबंदी होती त्या वर्षांत, औषधं मिळेनाशी झाली तेव्हा. मूत्रपिंडाचं दुखणं होतं. मूलबाळ नव्हतं. टिहोमिर एकटा राहिला, त्या कॅसेटींत. रेडिओवरचा कार्यक्रम केव्हाच बंद पडला होता. मी त्याला डबा पाठवत राहिले, बहिणीसाठी म्हणून. पुढे पुढे त्याच्यासाठीही.

म्हातारपणी नेनादनं त्याला जुन्या कॉम्प्युटरवाल्यांच्या एका फोरमवर बसवून दिलं. माझा नेनाद नोवी सादला सॉफ्टवेअरमध्ये आहे. मग काय, टिहोमिरला पुन्हा माइक मिळाला. हल्लीच्या गेममध्ये नुसतं चित्र आहे, खेळ नाही. आधी अर्धवट विकतात आणि मग वर्षभर दुरुस्त्या पाठवतात. आमच्या वेळी गेम एकदा हवेत गेला की गेला. असलं रोज काहीतरी. तिथली पोरं त्याला डायनासोर आजोबा म्हणतात, पण सकाळी त्याचं काही आलं नाही तर विचारतात, आजोबा, तब्येत बरी आहे ना? माणसाचा आवाज काढणारी यंत्रं निघाली तेव्हा सगळे घाबरले. हा नाही घाबरला. लिहिलं, की भिणारे रेडिओलाही भ्यायले होते, मला तर ही फार सुंदर गोष्ट वाटते.

गेल्या शरदात पितरांच्या शनिवारी आम्ही कबरस्तानात गेलो होतो. मेणबत्त्या लावल्या, शिजवलेले गहू ठेवले, मी जमिनीवर थोडी राकिया, आमची फळांची दारू, ओतली. देसांकाशी दोन गोष्टी बोलले, तशी मी दरवर्षी बोलते. तर हा मागून म्हणाला, "ताई, तिचा आवाज कसा होता?"

"म्हणजे?"

"मला आठवत नाहीये. चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाज आठवायला गेलं की तुझाच ऐकू येतो."

मी त्याला काहीतरी लागेलसं बोलणार होते. तोंडावर आलंही होतं, की पुस अजून कॅसेटी. पण त्याच्याकडे बघितलं आणि बोलवेना. तो मेणबत्तीला हाताचा आडोसा धरून उभा होता. घरी येताना मी मनात देसांकाचा आवाज आणायला बघितला. मलाही नीट येईना. मला फार भीती वाटली.

संध्याकाळी त्यानं फोरमवर लिहिलं, आणि त्यात एकही मत नव्हतं. लिहिलं, की घेवड्याच्या रविवारची टेप कुणी पुसली नसेल तर मला हवी आहे, त्यात माझी बायको बोलते, तिचा दुसरा आवाज कुठे शिल्लक नाही.

काय सांगू. लोकांनी माळे उपसले. व्हिएन्नाला गेलेल्यांनी इथे म्हाताऱ्या आयांना फोन करून पेट्या उघडायला लावल्या. खोकी भरभरून कॅसेटी आल्या. नेनाद दर शनिवार-रविवार येऊन टिहोमिरबरोबर त्या ऐकत बसायचा. प्रत्येकीत तो गेम होता, आणि प्रत्येकीत तो दुसऱ्या रविवारचा होता. स्वच्छ. सगळ्यांनी त्याचं ऐकलं होतं. बायकोखेरीज त्याचं इतकं कुणी ऐकत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. कुणी कुणी सोबत लिहायचं, आजोबा, माफ करा, तुम्ही सांगितलंत म्हणून पुसलं.

शेवटी किकिंडाहून लास्लो नावाचा एक निवृत्त रेल्वेवाला स्वतः आला. हंगेरियन माणूस, गाडीतून उतरला तो थेट टिहोमिरच्या दारात. कॅसेट रुमालात गुंडाळून आणली होती. म्हणाला, "पुसली मीही. पण तुमचा दुसरा गेम छोटा होता. त्याच्यानंतर जुन्याचं शेपूट राहिलंय. मी पुढचं ऐकलं आणि बंद केलं. ते माझं नव्हतं."

आम्ही चौघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. टिहोमिर, नेनाद, लास्लो आणि मी. टिहोमिरनं बोट ठेवून बटण दाबलं. आधी त्याचाच तरणा आवाज आला, पुसा, त्याच्यावरच घ्या. मग किरकिर. ती संपेपर्यंत आम्ही कुणी हललो नाही. इतक्या वर्षांनी मी पहिल्यांदाच तो नियम पाळला. किरकिर संपली, खट्ट झालं, आणि दुसरी किरकिर लागली, जरा खोल खोलीतून आल्यासारखी. तीही संपली. मग टिहोमिर ओरडला. टेबलाशी बसलेला नाही, तो तेव्हाचा. माइक बंद आहे असं त्याला वाटलं असणार.

"किती वेळा सांगितलंय, मी काम करतो तिथं तोंड उघडायचं नाही म्हणून?"

भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. आणि माझी बहीण म्हणाली, "बरं. नाही बोलत मी."

मग कॅसेटीवरचा त्याही आधीचा, कुणाच्या तरी लग्नाचा बँड सुरू झाला. नेनादनं टेप बंद केली.

तोच आवाज होता. थोडा नाकातला, शेवटचा शब्द जरा ओढणारा. कसा विसरले होते मी, देवच जाणे. मला रडू फुटलं. लास्लो उठून खिडकीपाशी गेला. टिहोमिरनं टेप मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा घेतली, पुन्हा लावली. मग मला विचारलं, "ताई, ती हसत होती का?"

मी म्हटलं, "हसत होती." मला माहीत नाही. मला तसं ऐकू आलं खरं, पण मला तसंच ऐकायचं होतं.

"नाही," तो म्हणाला. "हसत नव्हती."

नेनाद चांगला मुलगा आहे. त्याला काकाचं ते तोंड बघवेना. म्हणाला, "काका, इतका आवाज पुरतो आता. तुम्हीच लिहिलं होतंत ना त्या यंत्रांबद्दल? थोडा वेळ द्या, मावशीच्याच आवाजात ते वाक्य करून आणतो. घेवडा गरम आहे तोवर खा. अगदी तस्संच. गाणंसुद्धा म्हणवता येईल."

खरं सांगते, मला हवं होतं. बारशाचं गाणं पुन्हा ऐकायला मिळालं असतं तर मी त्या यंत्राच्या पाया पडले असते. मी टिहोमिरकडे बघत राहिले. जन्मभर प्रत्येक नव्या यंत्राची बाजू घेऊन भांडलेला माणूस. तो हो म्हणेल अशी माझी खात्री होती.

त्यानं कॅसेट बाहेर काढली. "नको रे," म्हणाला. "नाही बोलत म्हणालीये ती."

मग त्यानं फळं सोलायची सुरी घेतली आणि कॅसेटीच्या पाठीवरच्या टिकल्या एकेक करून तोडल्या. कॅसेट टेबलावर सरकत होती, म्हणून लास्लोनं ती धरली. इतक्या कॅसेटी हाताळल्या त्यानं, पण टिकल्या तोडलेली ही पहिलीच.