आई चारच्या गाडीनं परत गेली

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला त्या नव्या कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. जुन्या जिल्ह्याच्या गावाहून फायलींचे गठ्ठे ट्रकनं येत होते, टेबलं पुरत नव्हती, आम्ही चौघी एकाच टेबलाला चारी बाजूंनी बसायचो. मी लातुरात एका खोलीत राहायचे. आई रेणापूरला एकटीच होती. वडील गेल्यापासून किराणा दुकान तीच बघायची. दोन वर्षं पावसानं दगा दिला होता आणि गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या.

नोकरी लागल्यापासून मी मनात धरलं होतं, आईला नांदेड दाखवायचं. दोन दिवस राहायचं, सिनेमा बघायचा आणि तिथलं म्हणून जे जे मिळेल ते खाऊन बघायचं. आमच्या घरात बाहेरचं खायची रीतच नव्हती. आई स्टँडवरचा चहासुद्धा घ्यायची नाही.

दुसऱ्या शनिवारी सकाळी ती लातूरच्या स्टँडवर आली ती तोंड पाडूनच.

"काय झालं गं?"

"टँकर आज यायचा म्हनतेत. घागरी शेजारणीच्या दारात ठिवून आले."

"मग भरेल की ती."

"भरंल. आधी तिच्या भरंल, मग माझ्या."

अहमदपूर येईतो तिनं मला तीनदा वेळ विचारली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा ती खाली उतरून परतीची गाडी बघत उभी राहिली. मी ओढूनच तिला वर घेतलं.

नांदेडला लॉजवर दोघींत मिळून एक बादली पाणी मिळालं. आईनं निम्मं मला दिलं, उरलेल्यात आंघोळ उरकली, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केली आणि म्हणाली, "चल, काय दाखवायचं ते दाखव लवकर."

आम्ही आधी गुरुद्वाऱ्यात गेलो. डोक्यावर पदर घेऊन लंगरच्या पंगतीत बसलो. ताटात डाळ आली, भाजी आली. मग पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे बाबा रोट्यांची टोपली घेऊन आले. शेजारच्या बाईनं दोन्ही हात पुढं केले, तिच्या ओंजळीत रोटी पडली. मीही घेतली. आईचे हात मांडीवरच.

"ताटात वाढा की," ती म्हणाली.

"माय, रोटी हातातच घ्यावी लागते," बाबा मराठीतच बोलले.

"मी कुनापुढं हात पसरले न्हाईत कधी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र हसले. "हे लोकांपुढं नाही, माय. मी पण जेवायला बसलो की असाच घेतो."

आईनं त्यांच्याकडं बघितलं, मग हळूच ओंजळ पुढं केली. एकच रोटी घेतली, पण डाळीला दोनदा हो म्हणाली. मला वाटलं, जमलं आता.

जेवून बाहेर आलो तर एका बाजूला ताटं धुण्याची सेवा चालली होती. चार नळ धो धो वाहत होते. आई तिथं थबकली. बराच वेळ नुसती बघत राहिली.

"चल गं आई, उशीर होतोय."

"मी जाते," ती म्हणाली. "चारची गाडी हाय ना?"

"अगं, सिनेमाची तिकिटं काढलीत. उद्या सकाळी..."

"तू बघ. माझं चित्त न्हाई इथं."

रस्त्यातच आमची जुंपली. मी नाही नाही ते बोलले. तुला कधी कशाचं सुख घेताच येत नाही, असंसुद्धा म्हणाले. ती चारच्या लातूर गाडीत खिडकीजवळ बसली आणि म्हणाली, "खोलीला आतून कडी लाव." गाडी गेली.

मी राहिले, ते निव्वळ रागानं. सिनेमाला गेले आणि मध्यांतरातच उठले. गोदावरीवर गेले, तर पात्रात डबकी उरलेली. दुकानातून पेढा घेतला, एक घास खाऊन पुडी बांधली. पाय एका जागी ठरत नव्हते. आई पोचली असेल का, पुढची गाडी मिळाली असेल का, एवढंच डोक्यात.

सकाळी जुन्या बाजारातल्या एका मुस्लिम हॉटेलात गेले. सगळे पुरुषच होते. मालकानं मला पाहून आतल्या पडद्यामागचं बाकडं दाखवलं. "बैठो बेटी. खिचडी-खट्टा है, सादा." पिवळी खिचडी आणि वाटीत पातळ, थंड, आंबट खट्टा. पहिल्याच घासाला कानशिलं झणझणली. आत मालकीणबाई कांदा चिरत होत्या. त्यांना विचारलं, हे कशाचं? चिंचेचं पाणी, भाजून वाटलेले तीळ, कांदा, मिरची, एवढंच म्हणाल्या. मी भराभर गिळलं आणि पहिली गाडी पकडली.

दुपारी रेणापूरला पोचले. आई दुकानात होती. दारात घागरी रांगेनं, कोरड्या.

"आलाच न्हाई टँकर," ती म्हणाली.

"मग काय मिळवलंस येऊन?"

"आला न्हाई हे तिथं बसून कळलं असतं व्हय?"

मला हसू फुटलं, मग तीही हसली. दुकानाची फळी लावून आम्ही आत गेलो. "काय काय खाल्लीस? समदं सांग," तिनं पाय पसरत विचारलं.

मी खिचडीचं सांगितलं. कुणाच्या हॉटेलात खाल्लं तेही सांगितलं. ती म्हणाली, "तीळ किती घातले होते?"

ते मला माहीत नव्हतं. चिंच नवी की जुनी, मिरची वाटलेली की चिरलेली, वरून फोडणी होती का, ती विचारत गेली आणि मला एकाचंही धड उत्तर देता येईना. इतक्या घाईनं खाल्लं होतं मी.

तिनं दुकानातली चिंच आणली, पिण्याच्या तांब्यातलं पाणी मोजून ओतलं, तीळ भाजले. गरम भातावर घेऊन आम्ही खाल्लं.

"असाच होता?"

"नाही. ह्याच्याहून पातळ होता."

"पातळ आता पाऊस पडल्यावर करू," ती म्हणाली आणि आणखी एक डाव तिनं माझ्या भातावर ओतला.