न दिसलेला चाँद

आमच्या गावात माझ्या वडिलांच्या हजची गोष्ट अजून सांगतात. बेटावर अडकलेल्या एका म्हाताऱ्यासाठी अल्लानं चाँद एक दिवस लांबवला, असं लोक म्हणतात, आणि मीही ते हौसेनं सांगत आलो. पण आम्ही बेटावर का अडकलो असं कुणी विचारलं, की ‘दवाखान्यातल्या कंपाउंडरनं कागदात घोळ केला’ एवढं बोलून मी पुढं जात असे. आता माझं वय अब्बांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे. नमाजला उभा राहिलो की ते वाक्य आडवं येतं. माझी नमाज कबूल होते की नाही, अशी शंका घेऊन किती दिवस काढायचे? म्हणून खरं ते लिहितो.

आमचं गाव उमरग्यापासून दोन कोसांवर. निजामी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या वर्षी अब्बांना हजच्या जहाजावर जागा मिळाली आणि त्यांच्यासोबत मी जायचं ठरलं. पटकीची सुई घेतल्याचा कागद दाखवल्याशिवाय जहाजावर चढू देत नसत. दवाखान्यात सुई टोचायचा दिवस नेमका रमजानात आला. सुईनं रोजा तुटत नाही असं मौलवीसाहेबांनी समजावलं, तरी अब्बांचं मन मानेना. ईद झाल्यावर घेतो म्हणाले. तोवर कागद धाडायची मुदत संपणार होती. मग मी एकटाच दवाखान्यात गेलो. आधी माझ्या नावानं डावा दंड पुढं केला, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी उभा राहून अब्बांच्या नावानं उजवा. रांग मोठी होती. कंपाउंडर दंड बघत होता, चेहरे नाही. दोन दिवस मी तापानं फणफणलो. म्हाताऱ्यांना सुईची सूट आहे, असं अब्बांना सांगून टाकलं. त्यांनी विश्वास ठेवला.

मुंबई सोडल्यावर आठव्या दिवशी आमच्यापासून तिसऱ्या बिछान्यावरच्या बाईला उलट्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी पटकी म्हणून सांगितलं आणि जहाजावर पिवळं निशाण चढलं. लाल समुद्राच्या तोंडाशी एक बेट होतं, रोगी जहाजं तिथं थांबवत. तिथं अजून गोऱ्यांचाच कारभार होता. आजारी बाई आणि तिच्या आसपासची, सुई न घेतलेली माणसं बेटावर उतरतील, सुई घेऊन पाच दिवस तिथं राहतील, बाकीचं जहाज धुऊन पुढं जाईल, असा हुकूम झाला. कागद असूनही सुई न घेतलेली माणसं निघतात हे ठाऊक असल्यानं डॉक्टर बिछान्या-बिछान्यावरून विचारत आमच्याजवळ आले. अब्बांनी सरळ सांगितलं, नाही घेतली. मी घाईनं कागद पुढं केला आणि म्हणालो, “वय झालंय साहेब, विसरतात ते.”

डॉक्टरांनी कागद पाहिला, अब्बांकडं कीव आल्यासारखं पाहिलं आणि ते पुढं गेले.

अब्बांनी मला जवळ बसवलं. मग त्यांनी मला सगळं विचारून घेतलं. मी सांगितलं. ते म्हणाले, “चारचौघांत मला खुळा केलास, त्याचं काय न्हाय. पण लबाडीचा कागद घिऊन त्या दारात जायचं व्हय?”

“अब्बा, उतरलो तर हज हुकंल.”

“हुकू दे. बोलवणारा तो हाय. तू कोण मला नेणारा?”

ते उठले आणि डॉक्टरांकडं गेले. तासाभरानं आम्ही होडीत होतो.

बेटावर पत्र्याच्या शेड होत्या, खारं वारं आणि मोजून मिळणारं पाणी. अब्बांना त्याच दिवशी सुई दिली. आमच्यासारखे दहा-बारा जण होते. हजला जाणारं शेवटचं जहाज आम्हाला घ्यायला येणार होतं. पण तिथल्या कारकुनानं बोटांवर दिवस मोजून मान हलवली. जिल्हज महिन्याच्या नवव्या दिवशी अराफातच्या मैदानावर उभं राहणं चुकलं, की हज होत नाही. जिल्हजचा चाँद चालू महिन्याच्या एकोणतिसाव्या संध्याकाळीच दिसला, तर आमचं जहाज बंदराला लागेल तो दिवस अराफातचाच असेल, आणि गोदीतून सुटेपर्यंत सगळं संपलेलं असेल. तीसचा महिना झाला, तर एक दिवस हाती येईल.

एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळे किनाऱ्यावर जमलो. आकाश पुसून काढल्यासारखं स्वच्छ होतं. गुलबर्ग्याकडचा एक कासार आमच्यात होता. तो म्हणाला, “जिंदगीभर चाँद दिसावा म्हणून माना मोडल्या, आज दिसू नये म्हणून मोडतोय.” कुणीतरी हसलं. माझे डोळे सगळ्यांत तरणे, म्हणून मला पुढं उभं केलं. मला मान वर करवेना. अब्बांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “नीट बघ. दिसला तर दिसला म्हणायचं. डोळं मिटायचे न्हाईत.”

मी पाहिलं. सूर्य बुडाल्यापासून लाली विरेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत कड न् कड पाहिली. मनात काही मागितलं नाही, मागायला तोंडच नव्हतं. चाँद नव्हता. दुसऱ्या दिवशी बिनतारी संदेश आला. बंदरावरही कुणाला दिसला नव्हता, महिना तीसचाच धरला होता. तेव्हा कळलं, की तो माझ्या डोळ्यांवर, माझ्या सांगण्यावर कधी अवलंबून नव्हताच. अराफातच्या उन्हात अब्बा हात पसरून उभे होते. मी त्यांच्या मागं उभा होतो.

परतल्यावर अब्बा म्हणाले, उमरग्याला जाऊन त्या कंपाउंडरला खरं काय ते सांगून ये. मी हो म्हणालो, पण गेलो नाही. त्याच हिवाळ्यात अब्बा वारले. पुढं लोक विचारू लागले, तेव्हा अब्बांना खोटा कागद कुणी मिळवून दिला हे सांगण्यापेक्षा कंपाउंडरचा घोळ सांगणं सोपं गेलं. बाजारात लोक त्याला हटकायचे, “नाव नीट लिवा सायेब, न्हाय तर आमचा म्हातारा बेटावर जाईल.” तो मान खाली घालून पुढं जाई. मी ते माझ्या कानांनी ऐकलं आहे.

तो आता हयात नाही. मागच्या महिन्यात त्याच्या मुलीकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, “चाचा, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मी चेहरा बघायला पायजे होता.”

तिनं मला चहा दिला. मी तो प्यायलो, कारण नाही म्हणायचा हक्क मला नव्हता. हा मजकूर तिच्या घरी आणि आमच्या मशिदीत, दोन्हीकडं वाचला जावा अशी माझी विनंती आहे. अल्लानं अब्बांना एक दिवस वाढवून दिला, आणि मला हे बोलण्यासाठी एवढं आयुष्य. अब्बांनी तो दिवस खरं बोलून कसा घ्यायचा ते दाखवलं होतं. ते शिकायला मला म्हातारा व्हावं लागलं. अल्लाचा शुक्र आहे, की त्यानं तोवर थांबू दिलं.