उघड्या टाकीतली बंदिस्त जागा

मी दिंडोरीजवळच्या एका वायनरीत प्रयोगशाळेत काम करते. सकाळी नाशिकहून कंपनीच्या बसने जायचं, दिवसभर टाक्यांतल्या वाइनचे नमुने तपासायचे, साखर किती उरली, आंबटपणा किती ते बघायचं आणि संध्याकाळी घरी. मला उंचीची भीती वाटते, विजेची वाटते. हवेची भीती वाटू शकते हे मात्र कधी मनातही आलं नव्हतं.

हंगामात द्राक्षं येतात, मोठाल्या स्टीलच्या टाक्यांत पडतात आणि आंबायला लागतात. आंबताना त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसून राहतो. हे मला शाळेपासून माहीत होतं. लाल वाइन काढून घेतली की टाकीत सालींचा आणि बियांचा ओला चोथा उरतो, आणि तोही हा वायू सोडत राहतो. टाकीला खालच्या बाजूला एक लहानसं दार असतं. त्यातून माणूस वाकून आत शिरतो आणि चोथा बाहेर काढतो. त्याआधी पंखा लावून आतली हवा बदलायची, ती मीटरने तपासायची, कमरेला दोर बांधायचा आणि बाहेर एक माणूस उभा ठेवायचा, असा नियम. भिंतीवर पिवळी पाटीही होती : ‘बंदिस्त जागेत परवानगीशिवाय प्रवेश करू नये.’

त्या हंगामाच्या सुरुवातीला सुरक्षेचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेले गृहस्थ वयस्कर होते, आवाज अगदी हळू. धोका म्हणजे काय, जोखीम म्हणजे काय, दोन्हींत फरक काय, हे त्यांनी बराच वेळ समजावलं. जेवण नुकतंच झालेलं, त्यामुळे निम्मे लोक पेंगत होते. मग ते एकदम म्हणाले, “टाकीत कोणी पडलेलं दिसलं तर तुम्ही आत जायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. ओरडायचं, माणसं बोलवायची, बाहेरूनच ओढायचं. मागून गेलेला माणूस पहिल्याच्या अंगावर पडतो. मी अशी माणसं बाहेर काढलेली आहेत.” पेंगणारे जागे झाले. मला वाटलं, हे सांगणं सोपं आहे.

आमच्याकडे टाक्या धुणारा एक कामगार होता, वणीकडच्या एका गावातला. चाळिशीचा, दणकट, कामाला वाघ. त्याची बायकोही आमच्याकडेच होती. बाहेरच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या द्राक्षांतला पाला, काड्या निवडायची. दुपारी दोघं एकत्र डबा खायचे. मी येताजाता दिसले की ती म्हणायची, “मॅडम, या जेवायला,” आणि मी म्हणायचे, “होऊ द्या तुमचं.” आमची ओळख एवढीच.

त्या दिवशी जेवणाची सुट्टी व्हायच्या बेतात होती. मी एका टाकीतला नमुना घ्यायला टाक्यांच्या हॉलमध्ये गेले. पंप बंद झाले होते, सगळीकडे शांत. ती शांतताच मला खटकली. शेजारच्या टाकीचं खालचं दार उघडं होतं, खाली चोथ्याची रास पडली होती, चोथा ओढायचं लांब दांड्याचं दाताळं टाकीला टेकवून ठेवलं होतं. बाहेर कोणी उभं नव्हतं. पंख्याची वायर गुंडाळलेलीच होती.

मी वाकून आत पाहिलं. नाकात झिणझिणलं, सोडा घाईने प्यायल्यावर होतं तसं. मी झटकन तोंड मागे घेतलं. पण तेवढ्यात मला दिसलं होतं : काळे गमबूट, तळवे माझ्याकडे. हात लांब केला तरी पोचणार नाही एवढ्या अंतरावर. ते हलत नव्हते.

माझ्या तोंडून आवाजच फुटेना.  मग एकदम ओरडले, काय ओरडले ते आठवत नाही. नुसतंच ओरडले असेन. शेडकडून धावत आलेली पहिली व्यक्ती म्हणजे त्या टाक्या धुणाऱ्या कामगाराची बायको. नवऱ्याला जेवायला बोलवायला ती निघालीच होती, डबा तिच्या हातात होता.

तिला काही सांगावं लागलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, डबा टाकला आणि थेट आत डोकं घालायला लागली.

मी तिला मागून कमरेला धरलं. ती माझ्यापेक्षा ताकदवान होती. आम्ही दोघी चोथ्यात घसरून पडलो. मी सोडलं नाही.

“सोडा मला, मॅडम! मह्या मालकाला काढू द्या!”

“आत हवा नाहीये. तुम्हीही पडाल.”

“दार उघडं हाय! हवा कशी नाय? सोडा!”

तिने माझ्या हाताला चावा घेतला. मग तिची भाषा बदलली. “तुझा नवरा असता तर अशी धरून बसली असती का गं? सोड मला!”

मी सोडलं नाही. या सगळ्यात मला तिच्या खांद्यावरून ते बूट दिसत होते. प्रत्येक क्षणाला वाटत होतं, मी एका माणसाला मारते आहे. मी तिला प्रशिक्षणामुळे धरलं होतं, की त्या काळ्या भोकाची मलाच एवढी दहशत बसली होती म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही नक्की सांगता येत नाही.

सुपरवायझर आणि फोर्कलिफ्ट चालवणारा पळत आले. सुपरवायझरने कॉम्प्रेसरचा पाइप ओढून दारातून आत सोडला, हवा फुसफुसत आत शिरायला लागली. फोर्कलिफ्टवाल्याने दाताळं उचललं, श्वास धरून दाराशी झुकला आणि बुटाला अडकवून ओढलं. बूट निघून आला. नुसताच बूट. त्याची बायको तो पाहून जी किंचाळली, ती किंचाळी मला अजून ऐकू येते.  मग ती माझ्या मांडीवर कलंडली. मी तिला धरूनच होते, पण आता धरायची गरज उरली नव्हती.

फोर्कलिफ्टवाला बाजूला होऊन श्वास घेऊन आला. दुसऱ्यांदा त्याने दाताळं कमरेच्या पट्ट्यात अडकवलं. चोथा निसरडा होता, ते एका अर्थी बरंच झालं. माणूस सरकत दारापर्यंत आला आणि सगळ्यांनी पाय धरून त्याला बाहेर घेतलं. चेहरा राखाडी पडला होता. उघड्यावर नेऊन सुपरवायझर त्याच्या तोंडात हवा फुंकत राहिला, छाती दाबत राहिला. आम्ही भोवती उभे होतो. मग त्याला ढास लागली. कुठलाही आवाज इतका बरा वाटलेला मला आठवत नाही.

त्याला नाशिकला दवाखान्यात हलवलं. तो वाचला. काही दिवस त्याचं डोकं दुखत राहिलं, टाकीत शिरल्यानंतरचं त्याला काहीच आठवत नव्हतं. मी भेटायला गेले तेव्हा बायको कॉटशेजारी बसली होती. ती उठून बाहेर गेली. मी त्याला विचारलं, “पाटी वाचली होती ना तुम्ही?”

“वाचली होती की.” तो ओशाळून हसला. “पण बंदिस्त म्हंजे कडी घातलेली, असंच मला वाटलं. ही तर उघडीच व्हती. म्हनलं, जेवायच्या आधी तेवढा कोपरा उरकून टाकू.”

पुढच्या बैठकीत बाहेरून आलेले सल्लागार या घटनेला ‘नियर मिस’, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, म्हणावं की ‘इन्सिडेंट’, म्हणजे प्रत्यक्ष घडलेला अपघात, यावर बराच वेळ बोलले.  शेवटी त्या कामगाराने मला पाटीबद्दल दिलेलं उत्तर मी त्यांना सांगितलं.  त्या आठवड्यात ती पिवळी पाटी काढून टाकली. नव्या पाटीवरचे शब्द टाक्या धुणाऱ्यांनाच विचारून ठरवले : ‘टाकीत शिरू नका. दार उघडं असलं तरी आत जीव जातो.’

त्याची बायको कामावर परत आली, पण माझ्याशी बोलत नव्हती. मी समोरून आले की खाली बघून पाला निवडत राहायची. मलाही तिच्यासमोर जायची भीती वाटायची. मग एका दुपारी तिने हाक मारली. मी जवळ गेले. तिची नजर द्राक्षांवरच होती.

“ते हिंडाया-फिराया लागले,” ती म्हणाली. “आता टाकीत नाय जाणार. बाटल्यांकडं घेतलं त्यांना.”

“बरं झालं.”

“मी गेली असती ना, मॅडम, तर पोरांचं...”  तिने पट्ट्यावरचा एक घड उचलला, त्यातली वाळकी काडी मोडली आणि तो परत ठेवला.  मी तिच्या शेजारी थोडा वेळ पाला निवडला.

माझी भीती मात्र गेली नाही. घरी न्हाणीघराची कडी लावताना छातीत धडधडतं. स्वयंपाकघराची खिडकी मी थंडीतही उघडी ठेवते, नवरा कुरकुरतो. पुढच्या हंगामात टाकीबाहेर उभं राहायला माणूस कमी पडला तेव्हा मी स्वतःच नाव दिलं. का दिलं ते मलाही कळलं नाही. दूर बसून आवाजांची वाट बघण्यापेक्षा दोर हातात असलेला बरा, असं काहीसं वाटलं असावं.

आता एक नवा कामगार आत शिरतो. पंखा चालू असतो, मीटर दाराशी टांगलेलं असतं, त्याच्या अंगातल्या पट्ट्याचा दोर माझ्या मुठीत असतो. मी त्याला बजावलेलं आहे : आत आहात तोवर बोलत राहायचं. तो त्याच्या म्हशीबद्दल बोलतो, मेव्हण्याच्या लग्नाबद्दल बोलतो. परवा बोलता बोलता मध्येच गप्प झाला. मी दोराला जोरात हिसका दिला.

आतून तो वैतागून ओरडला, “ओ मॅडम, जित्ता हाय ना मी! जरा दम तर खाऊ द्या!”

“खा,” मी म्हटलं, “पण बोलत बोलत खा.”