कशालाच न जोडलेला संगणक

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. खून नव्हता, दरोडा नव्हता, आरोपी फरार नव्हता. तरीही पोलीस खात्याच्या सगळ्या नोकरीत मला एकाही आरोपीने दिला नाही एवढा मनस्ताप त्या प्रकरणातल्या फिर्यादीने दिला.

तेव्हा मी परंडा भागात एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी घेऊन मी बंदोबस्ताची वाटणी करत होतो, तेवढ्यात एक पालक आत आले. त्यांच्या हातात झेरॉक्सचा कागद होता.

"साहेब, उद्या दहावीच्या पूर्वपरीक्षेला गणिताचा पेपर हाय," ते म्हणाले. "न् ह्यो बघा, आजच पोराच्या दप्तरात घावला. म्या इचारलं तर म्हनतंय, समद्यांकडंच हाय."

मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि शाळेला कळवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात वाटलेला पेपर आणि तो कागद शेजारी ठेवून पाहिले. प्रश्न तर तेच होते, एका प्रश्नातली छपाईची चूकसुद्धा तीच होती. परीक्षा एका संस्थेच्या सगळ्या शाळांची सामाईक होती. पेपर टाइप करून छापायचं काम या शाळेकडे होतं आणि ते एकट्या महिला लिपिकाकडे होतं.

मुख्याध्यापक फिर्याद द्यायला आले ते निकाल खिशात घेऊनच. शिक्षकांच्या सभेत सर्वांसमोर त्यांनी तिला आधीच चोर म्हटलं होतं. "पेपर तिच्याशिवाय कुणी पाहिलेलाच नाही. अटक करा, विषय संपला," ते मला म्हणाले.

"सर, पेपर त्या संगणकातून बाहेर कसा गेला?" मी विचारलं.

"ते तुम्ही शोधा. त्या संगणकाला इंटरनेट नाही. पेनड्राइव्ह लावायच्या पुढच्या जागा मी चिकटपट्टीने बंद केल्या आहेत आणि पट्टीवर माझी सही आहे."

शाळेत जाऊन पाहिलं तर सही खरोखरच होती, तारखेसकट. मी विचारलं, "तो संगणक दुसऱ्या कशाला जोडलेला आहे?"

"प्रिंटरला. बाकी कशालाच नाही."

"आणि तुमच्या केबिनमधला लॅपटॉप?"

"कशालाच नाही."

आम्ही संगणक जप्त करून सील केला. पंचनामा लिहिणाऱ्या अंमलदाराने वर्णनात 'मागील बाजूस एक लहान काळे बूच' असं लिहिलं. ते बूच कशाचं, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानेही कुणाला विचारलं नाही.

आता त्या बाईंविषयी. त्यांचे यजमान त्याच शाळेत शिपाई होते. ते गेल्यावर या अनुकंपा तत्त्वावर लागल्या, टायपिंगची परीक्षा देऊन लिपिक झाल्या. घरी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी, कमावणारं दुसरं कुणी नाही. अठ्ठेचाळीस तास कोठडी झाली की निलंबन आपोआप होतं, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. म्हणजे माझ्या एका सहीवर त्यांचं घर उभं होतं.

महिला पोलिसांना बसवून मी त्यांची चौकशी केली. "पेपर म्याच टाइप केला, साहेब," त्या म्हणाल्या. "कुनाला दिला न्हाय, कुनाला दावला न्हाय." मी तेच आडून विचारलं, फिरवून विचारलं, दरडावून विचारलं. उत्तर तेच. माझा अनुभव असा की खोटं बोलणाऱ्याचं उत्तर दर खेपेला सुधारत जातं. आधी विसरलेलं आठवतं, साक्षीदार वाढतात, मध्येच देवाची शपथ येते. या बाईंचं उत्तर पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच राहिलं. मी अटक केली नाही.

त्यामुळे मुख्याध्यापक माझ्या मागे हात धुऊन लागले. सकाळी फोन, दुपारी स्वतः हजर. अटक झाली का, का नाही झाली, वरून दबाव आहे का. ठाण्यात मारामाऱ्या होत्या, मोटारसायकल चोऱ्या होत्या, यात्रेचा बंदोबस्त डोक्यावर होता आणि हे गृहस्थ माझ्या समोरच्या खुर्चीवरून हलायला तयार नव्हते. त्यांची चाहूल लागली की आमचे हवालदार चहा सांगायच्या निमित्ताने बाहेर पळायचे.

एके दिवशी ते आले ते नवीनच तक्रार घेऊन. "साहेब, अटकेचं राहू द्या. तो संगणक तरी परत द्या. तुम्ही नेला तेव्हापासून माझी एक प्रिंट निघालेली नाही."

"प्रिंटर आम्ही नेलेला नाही, सर."

"प्रिंटर आहे हो. पण तो बाईंच्या संगणकाला लावलेला असायचा ना! मी माझ्या केबिनमध्ये लॅपटॉपवर बटण दाबलं की पलीकडं कागद बाहेर यायचा. आता मला प्रत्येक कागदासाठी बाजारात माणूस पाठवावा लागतो."

मी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुमचा लॅपटॉप त्या संगणकाला जोडलेला होता?"

"छे! वायर कुठं आहे? तुम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं की, कशालाच जोडलेला नाही."

मी शपथेवर सांगतो, हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या लेखी वायर म्हणजे जोडणी. वायर नाही तर जोडणी नाही. एवढ्यासाठी मी एका विधवा बाईला तासन्‌तास दरडावत बसलो होतो. मला इतका संताप आला की मी उठून बाहेर गेलो आणि नळावर तोंड धुऊन परत आलो.

मग एकेक गोष्ट ओढून काढली. केबिन आणि कार्यालय यांच्यामध्ये व्हरांडा. कागदासाठी उठायचा कंटाळा. मधलं राउटर घ्यायला संस्था तयार नाही. तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकांनी बाईंच्या संगणकाच्या मागे वायरलेसचं बूच बसवलं आणि दोन्ही यंत्रं हवेतूनच थेट एकमेकांशी जोडून दिली. मध्ये राउटर नाही, इंटरनेट नाही. पासवर्ड होता शाळेचं नाव, कारण सरांच्या तेवढंच लक्षात राहत होतं.

"आणि त्या संगणकातलं काय काय तुम्हाला दिसायचं?"

"सगळंच. आधी दर वेळी परवानगी मागत होता. मग मीच म्हणालो, काय कटकट आहे, सगळं उघडंच ठेवा."

पुढच्या दाराला सहीची चिकटपट्टी आणि मागची भिंतच काढून ठेवलेली!

विज्ञान शिक्षकांना बोलावलं. माणूस हजरजबाबी होता. "मी जोडून दिलं, तेवढंच. पुढं सरांनी पासवर्ड बदलला असेल, मला काय माहीत?"

शेजारी बसलेले मुख्याध्यापक दचकून म्हणाले, "तो बदलता येतो?"

जप्त मुद्देमालाला हात लावता येत नव्हता आणि प्रयोगशाळेचा अहवाल कधी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून शाळा चालू असताना आम्ही त्याच जागी प्रात्यक्षिक घ्यायचं ठरवलं. जिल्ह्याच्या सायबर शाखेतला हवालदार आला. त्याने स्वतःचा लॅपटॉप बाईंच्या टेबलावर ठेवून त्याच नावाची, त्याच पासवर्डची जोडणी उभी केली. पंच म्हणून शाळेसमोरचे बी-बियाण्यांचे दुकानदार बोलावले होते. ते माझ्या संयमाची शेवटची परीक्षा घ्यायलाच आले होते.

"जे दिसत न्हाय त्याच्यावर म्या सही कशी करू, साहेब?" त्यांनी सुरुवातीलाच विचारलं. हवालदाराने केबिनमधल्या लॅपटॉपवरून एक फाइल इकडे आणून दाखवली. दुकानदारांनी टेबलाखाली हात घालून कुठं वायर आहे का ते चाचपलं. व्हरांडा ओलांडून गेले, केबिनचा पडदा झटकला, परत आले. "पुन्यांदा दावा," म्हणाले. पुन्हा दाखवलं. मग त्यांनी हवालदाराच्या लॅपटॉपवरच्या यादीवर बोट ठेवलं. "ह्यो एक तुमचा. ह्यो एक सरांचा. मग ह्यो तिसरा कुनाचा हाय?"

यादीत खरोखरच तिसरं यंत्र आलं होतं. कुणीही न बोलावता. त्या यंत्राला जे नाव दिलं होतं ते एका खासगी शिकवणीचं होतं. त्या शिकवणीची पाटी मी रोज बसस्थानकासमोर पाहत होतो.

आम्ही सगळे शेजारच्या शिक्षककक्षात गेलो. विज्ञान शिक्षक आपला लॅपटॉप उघडून बसले होते. ओळखीचं नाव हवेत येताच त्यांचं यंत्र सवयीने आपणहून जोडलं गेलं होतं आणि त्यांना पत्ताही नव्हता. आधी ते म्हणाले, व्हायरस असेल. गणिताचा टाइप केलेला पेपर त्यात सापडल्यावर खाली बसले.

"माझ्या शिकवणीतल्या पोरांना आयएमपी म्हणून दिला, साहेब. निकाल चांगला लागला की फ्लेक्सवर फोटो लावता येतात. एवढंच."

एवढंच! त्या फ्लेक्सपायी एक बाई रोज पोलीस ठाण्याच्या बाकावर बसत होती आणि हे शेजारच्या खोलीतून बघत होते. दुकानदारांनी सही केली. मी लॅपटॉप जप्त करून शिक्षकांना ताब्यात घेतलं.

माझं काम तिथं संपलं असं मला वाटलं. पण फेरपरीक्षा ठरली, संस्थेने दुसरा संगणक पाठवला आणि एके सकाळी पुन्हा मुख्याध्यापकांचा फोन. "साहेब, बाई संगणक चालू करत नाहीत. पेपर टाइप व्हायचे आहेत. तुम्ही येऊन समज द्या."

मी तणतणतच गेलो. बाई टेबलापाशी हाताची घडी घालून बसल्या होत्या.

"ताई, आता काय झालं?"

"सरांनी मला सभेत, समद्यांच्या म्होरं चोर म्हनलं, साहेब. आता सभेतच सांगावं, ही चोर न्हाय. मग म्या बसते टायपिंगला."

मुख्याध्यापक म्हणाले, "झालं गेलं, कशाला पुन्हा तो विषय? साहेब, सरकारी कामात अडथळा म्हणून काही करता येत नाही का?"

एवढ्या दिवसांचा माझा सगळा वैताग तेव्हा बाहेर पडला. "येतं ना," मी म्हणालो. "लिहून द्या तक्रार. हा अडथळा का आला, त्याचा मी पहिला जबाब तुमचाच घेतो. आणि दुसऱ्या ओळीत तो पासवर्ड लिहितो."

मधल्या सुट्टीत सभा झाली. मी दारात उभा राहिलो. मुख्याध्यापक खिडकीकडे बघत एक वाक्य पुटपुटले. बाई म्हणाल्या, "ऐकू न्हाय आलं, सर." त्यांना ते दुसऱ्यांदा, नीट, बाईंच्या तोंडाकडे बघून म्हणावं लागलं. मग त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या आणि संगणक चालू केला.

संगणकाचं फारसं ज्ञान मला आजही नाही. या प्रकरणाने मला एवढं शिकवलं की माणसं आपल्याला खरं उत्तर देतात, पण त्यांच्या डोक्यात असलेल्या प्रश्नाचं. म्हणून निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक प्रश्न दोनदा, वेगळ्या शब्दांत विचारत राहिलो. आणि दुसरी गोष्ट. एखाद्याचा गुन्ह्याशी संबंध नाही, हे आमच्या कागदावर एका ओळीत लिहून होतं. पण ज्या तोंडाने चोर म्हटलं त्याच तोंडाने ते परत घ्यायला लावायचं कलम कुठल्याही कायद्यात नाही. ते काम त्या बाईंनी केलं, मी फक्त दारात उभा होतो.