क्लाइडच्या कोटाचा खिसा

ओहायोतल्या केलरव्हिल गावात एके काळी मॅव्हिसच्या शिलाई मशीनखालून न गेलेलं कापड सापडायचं नाही. लग्नाचे झगे, चर्चमधल्या गाणाऱ्यांचे डगले, वाढत्या पोरांच्या पँटी, सगळं तिच्याकडेच. काय दिवस होते ते! शनिवारी सकाळी लोर्ना दालचिनीचे गरम पाव घेऊन यायची, खिडकीजवळच्या खुर्चीत ऐसपैस बसायची आणि अख्ख्या गावाची सालटी काढायची. पेशाने पहिलीची शिक्षिका, पण जीभ कशी, विचारू नका. हसता हसता मॅव्हिसची शिवण वाकडी जायची.

मग एक दिवस इस्पितळातली एक नर्स कोट घेऊन आली. "नवऱ्याला सोडलंय, पण तो मला सोडत नाही. पिस्तूल दिसणार नाही असा आतून खिसा हवाय." मॅव्हिसने शिवून दिला. ओहायोत कायद्याची आडकाठी नव्हती. तिचं बघून आणखी चारजणी आल्या, तेव्हा मॅव्हिसने खिडकीत पाटीच लावली: 'पिस्तुलासाठी छुपे खिसे शिवून मिळतील.'

"काढ ती पाटी," लोर्ना म्हणाली.

"नाही काढणार. त्या पोरीची भीती तू बघितली नाहीस."

"आणि मी सहा वर्षांच्या पोरांना कपाटात लपायला शिकवते, गोळीबार झाला तर हूं की चूं करायचं नाही म्हणून! त्यांची भीती तू बघितलीस? पाटी आहे तोवर हा उंबरठा ओलांडणार नाही मी. आणि कुणाला ओलांडू देणार नाही."

बोलली तसं केलंन बाईने! अर्ध्या गावाने दुकानाकडे पाठ फिरवली. गाणाऱ्यांचे डगले शेजारच्या गावाहून एक बाही लांब, एक आखूड होऊन आले, तर लोर्ना तेच घालून गायली. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही! गिऱ्हाईक गेल्याचं मॅव्हिसला तितकं लागलं नाही. खिडकीजवळची खुर्ची रिकामी पडली, ते मात्र जिव्हारी लागलं. अशी वर्षं गेली. लोर्नाचा नवरा क्लाइड वारला, तेव्हाही मॅव्हिस चर्चमध्ये मागच्या बाकावर बसून रडली आणि न भेटता परतली.

पुढच्या वसंतात लोर्ना दुकानासमोर येऊन थांबली. हातात क्लाइडचा कोट.

"बाह्या कमी करून नातवाला द्यावा म्हणून काढला, तर आत हा खिसा. टाका तुझा आहे, मॅव्हिस."

"आत ये, सांगते."

"नाही येणार. इथेच सांग. माझ्या घरात पिस्तूल होतं का?"

मॅव्हिसला मागच्या दाराने आलेला क्लाइड आठवला, कान लालबुंद झालेला. "लोर्नाला कळू देऊ नकोस हं," असं त्याने पुन्हा पुन्हा बजावलं होतं.

"पिस्तूल कसलं डोंबलाचं! नीट हात घाल, पार तळाशी."

लोर्नाने हात घातला. अस्तराला कागदासकट एक कॅरमेलची गोळी चिकटली होती.

"डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं ना? तू रोज त्याचे खिसे तपासायचीस."

"लबाड! अगं, महालबाड माणूस!" लोर्ना हसायला लागली आणि हसता हसता तिचा बांध फुटला. कोटात तोंड खुपसून ती तिथेच उभी रडली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "गावात सांगायचंस की. माझाच नवरा तुझ्याकडे लपून येतो म्हटल्यावर कोण ऐकणार होतं माझं?"

"त्याला शब्द दिला होता. आणि तुझं हसं करून गिऱ्हाईक परत यायचं, तर नको मला ते."

लोर्नाने नाक पुसलं. "पाटी काढणारेस?"

"नाही. ती इस्पितळातली पोरगी अजून येते माझ्याकडे."

"मग मी आत येणार नाही."

"नको येऊस."

मॅव्हिस आत गेली. खिडकीजवळची खुर्ची तिने दोन्ही हातांनी उचलली, धापा टाकत बाहेर आणली आणि फुटपाथवर ठेवली.

"बस. आण तो कोट इकडे, बाह्या इथेच उसवते."