घरच्या कपड्यांना खूण नसते

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी पोचले, बॅग टेकवायला आतल्या खोलीत गेले, तर माझ्या खाटेवर माझ्या बापाची बाई झोपलेली.

प्रवासानं डोळे फिरले असतील असं वाटलं. पुन्हा पाहिलं. तीच होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, एक हात उशीवर निर्जीव पडलेला, पण हनुवटीवरचा तो तीळ मी जन्मात विसरले नसते. माझी निळी रजई तिच्या गळ्यापर्यंत घातलेली. ती जागी होती. मला बघून तिनं डोळे मिटून घेतले आणि मी आल्या पावली बाहेर आले. रागानं की भीतीनं, ते मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या खोलीत आमची लाँड्री. आई गायनमंडळाच्या पांढऱ्या झग्यांना इस्त्री करत होती. नाताळच्या तोंडावर तिला मान वर करायला फुरसत नसायची. "आत कोण आहे?" एवढेच शब्द माझ्या तोंडून फुटले. आईनं झगा पालथा केला आणि बाहीवर पाणी शिंपडलं.

"आलीस? चहा ठेव," ती म्हणाली. "तिघींचा ठेव."

माझ्या आईला गिऱ्हाइकं कडकबाई म्हणायची. निम्मं तिच्या खळीमुळे आणि निम्मं तिच्या जिभेमुळे. तिच्या हातची कॉलर अशी उभी राहायची की घालणाऱ्याला मान वळवायची चोरी. कॉलर झिजली तर ती उसवायची, उलटी करायची आणि बारीक टाक्यांनी पुन्हा अशी बसवायची की जुना शर्ट नव्यानं मिरवायला लागे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या कपड्याला आतून रंगीत दोऱ्याची खूण असे. डॉक्टरांची हिरवी, शाळेच्या बाईंची पिवळी. खूण नसेल तर याचा पायजमा त्याच्या घरी आणि भांडण आमच्या दारात. घरच्या कपड्यांना मात्र खूण नसायची. लहानपणी माझ्या फ्रॉकलाही लाल खूण हवी म्हणून मी भोकाड पसरलं होतं, तेव्हा आई म्हणाली होती की खूण परक्यांच्या कपड्यांना घालतात, आपले कपडे आपल्याला ओळखू येत नाहीत होय?

माझा बाप चर्चच्या गायनमंडळात गायचा. आत झोपलेली ती बाईही गायची. सगळी मंडळी तिला कोकिळा म्हणायची. दोघांचे झगे माझी आईच इस्त्री करायची. मी दुसरीत असताना एका रविवारी दोघं उपासना संपवून जी गेली, ती परत आलीच नाहीत. गावाच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी संसार थाटला. सांत्वनाला आलेल्या बायकांना आई म्हणाली, "झगे तरी परत करायचे होते." बायकांना हसावं की रडावं कळेना. पण नळ सोडून मोरीत रडणारी आई मी ऐकलेली आहे. पुढे बाप वारला, तेही आम्हाला चार दिवसांनी, दुसऱ्याच्या तोंडून कळलं.

आणि आता ती बाई माझ्या रजईत.

आईनं इस्त्री चालवता चालवताच सगळं सांगितलं. कुणी शेजारीण एका आजारी बाईचे कपडे धुवायला टाकून गेली होती. गाठोडं सोडलं तर त्यात एक पुरुषी शर्ट निघाला, कॉलर उलटी केलेली. आपल्या हातचा टाका माणूस विसरत नाही. आईनं शर्ट धुतला, इस्त्री केला आणि पोचवायला स्वतः गेली. बघते तर तीच बाई. अर्धांगवायू झालेला, वाचा गेलेली, अंथरूण ओलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी दिलं तर खायचं. आईनं तिला पुसून कोरडं केलं, कपडे पोचवायच्या हातगाडीवर बसवलं आणि ढकलत घरी आणलं. भर दिवसा, भर रस्त्यातून.

मी म्हणाले, या घरात एक तर ती राहील नाहीतर मी. आई मलाच निवडणार, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की उत्तराची वाटही न पाहता चहाच्या भांड्याकडे वळले.

"तुला पाय आहेत," आई म्हणाली. "तू जाऊ शकतेस. ती जाऊ शकत नाही."

कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. मी चहा ठेवला. तिघींचा ठेवला, कारण रागाच्या भरात माप बदलायचं सुचत नाही.

नाताळच्या सकाळी आईनं तिला पुन्हा हातगाडीवर बसवलं आणि चर्चमध्ये नेलं. तिला पहिल्या बाकावर, भिंतीला टेकवून बसवलं. तिच्या अंगावर आईचा ठेवणीतला कोट. गायनमंडळाचा सूरच गेला. पाळकांच्या बायकोचा चष्मा नाकावरून घसरला. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, या कामात आमची मंडळी कुणाला हार जाणारी नाही. सगळ्या माना वाकल्या होत्या. पाळक व्यासपीठावरून शत्रूवर प्रीती करण्याविषयी बोलणार होते. त्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं, दोनदा घसा साफ केला आणि प्रवचन लवकर आटोपलं. सगळे गायला उभे राहिले तेव्हा कोकिळेनं तोंड उघडलं. जो आवाज निघाला, तो गाणं नव्हतं. तिची लाळ गळत होती, आई ती पुसत होती, आणि स्वतः बेसूर, ठणठणीत आवाजात गात होती. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला वाटलं, नाताळचा उमाळा आहे, सणाबरोबर ओसरेल. माणसं नाताळात काय काय करतात आणि झाडावरचे तारे उतरवले की विसरतात. आई विसरली नाही. मी महिनोन्महिने घरी गेले नाही, आणि गेले तेव्हा ती तिथेच होती. आई तिला भरवायची, कुशीवर वळवायची, कपडे भिजवले म्हणून तिच्यावर ओरडायची आणि ओरडता ओरडता धुवायची. देवदूतासारखी वगैरे अजिबात नाही. एकदा तिनं सूप थुंकलं, तर आई वाटी आपटून अंगणात जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं परत आली आणि दुसरी वाटी भरली.

तिचे कपडे आमच्याच टबात बुचकळलेले पाहून माझं डोकं सणकलं. मी काळा दोरा घेतला आणि तिच्या एकूण एक कपड्याला ठसठशीत खूण घातली. पुढच्या खेपेला पाहिलं तर सगळ्या खुणा उसवलेल्या होत्या. मी आईला धरलंच. म्हटलं, खरं सांग, तुला ती आवडते?

"नाही गं," आई म्हणाली. "अजून तिचा तीळ दिसला की अंगाची लाही होते."

"मग कशाला हे सगळं?"

"आवडून घ्या असं कुठे सांगितलंय? प्रेम करा म्हणून सांगितलंय. ते हातांनी करता येतं."

 

यंदा डिसेंबर सुरू झाला आणि आई गेली. इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या खाली बसली आणि संपली. आजार नाही, तक्रार नाही, निरोप नाही. शेजारी आत धावले तेव्हा इस्त्रीखाली झगा जळत होता आणि आतल्या खोलीतून कोकिळा किंचाळत होती. तिनंच तिच्या त्या फाटक्या आवाजानं माणसं गोळा केली होती. आईला पुरल्यावर मी ठरवलं की आता पुरे. निराधारांच्या आश्रमात तिची सोय केली. तिथल्या व्यवस्थापकांनी सांगितलं की नाताळच्या आदल्या दिवशी गाडी पाठवतो, कपड्यांची बॅग भरून ठेवा, आणि हो, प्रत्येक कपड्याला खूण घाला, नाहीतर बाकीच्यांच्यात मिसळतात.

त्या सकाळी मी काळा दोरा घेऊन तिच्या खाटेजवळ बसले. ती माझ्या हातांकडे पाहत होती. पहिलाच कपडा हाताला लागला तो बापाचा शर्ट. कॉलर आतून पाहिली. आईचे टाके, एकसारखे, बारीक. सुई कुठे घालावी कळेना. मग एक गाऊन घेतला. त्याच्या शिवणीजवळ माझ्या जुन्या खुणेची भोकं होती, उसवून, पाणी मारून, इस्त्रीनं बुजवत आणलेली. एकेक कपडा घेऊन आई बसली असणार. मी काय करायला निघाले होते, ते मला तेव्हा दिसलं, आणि तिला खाटेवर पाहून बसला होता त्याहून मोठा धक्का मला माझाच बसला.

कोकिळेनं चांगला हात पुढे केला आणि शर्ट माझ्याकडे सरकवला. खूण घाल, असंच सांगत असावी. रडत नव्हती. परकी असण्याची तिला सवय असावी.

दारात गाडीचा हॉर्न वाजला. मी बाहेर जाऊन ड्रायव्हरला सांगितलं की कुणाला न्यायचं नाही. तो वैतागला, एवढ्या लांबून फुकट हेलपाटा म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. मी माफी मागितली आणि त्याला परत पाठवलं.

आत आले, तिचे कपडे उचलले आणि माझ्या कपड्यांबरोबर टबात टाकले. ती मला आवडत नाही. हे लिहितानाही आवडत नाही. मग मी चहा ठेवला. गाळायला घेतला तेव्हा ध्यानात आलं, सवयीनं तिघींचा झाला होता. आईचा कप मी तसाच हातात धरून उभी राहिले. मग तो आम्ही दोघींनी अर्धा अर्धा घेतला. तिचा अर्धा मी चमच्यानं पाजला.